क्रॉसबार की बनियन?
विश्रामबागच्या कॉलेजात एफपीजीएवर (हवं ते सर्किट बसवता येणाऱ्या चिपवर) ८ पोर्टचा पॅकेट स्विच, म्हणजे डेटाची पॅकेटं हव्या त्या आउटपुटला नेणारं सर्किट, करायचा, तर सरळ क्रॉसबार घ्या: त्यात प्रत्येक इनपुटची तार प्रत्येक आउटपुटच्या तारेला छेदते आणि दर छेदावर एक स्विच असतो. छेदबिंदू ६४च, आणि आतली वाट कधी अडत नाही. ६४ पोर्टना मात्र ४,०९६ लागतात. बनियनचं, म्हणजे छोट्या स्विचच्या थरांनी बनलेल्या जाळ्याचं, काम २×२ च्या (दोन इनपुट, दोन आउटपुटच्या) १९२ घटकांत भागतं. पण तिथे आउटपुट वेगवेगळी असूनही पॅकेटं मधल्या दुव्यावर धडकतात. आधी बायटॉनिक सॉर्टर (पॅकेटं आउटपुटच्या क्रमाने लावणारं जाळं) लावला की ती टक्कर टळते, पण त्याचेच ६७२ घटक. गेली स्वस्ताई!

क्रॉसबारचं दुखणं रांगेत आहे. इनपुटला एकच फिफो (आधी आलेलं आधी सोडणारी रांग) ठेवला, तर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा पुढचा ट्रक अडल्यावर मागचे खोळंबतात तसं होतं: पोर्ट पुष्कळ आणि रहदारी एकसमान असेल, तर थ्रूपुट (क्षमतेपैकी प्रत्यक्षात होणारी वाहतूक) ५८.६ टक्क्यांवर अडकतं. म्हणून प्रत्येक इनपुटला दर आउटपुटसाठी वेगळी रांग ठेवा; मग एक अडलं तरी दुसऱ्या आउटपुटची पॅकेटं त्यामागे खोळंबत नाहीत.