खाडीतल्या मासेमारीचं पॅकेज आणि आमचे एकावन्न हजार

दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांना, आईवडिलांना घेऊन कोकणात जाणार असाल आणि घरात कुणाला गळ टाकायची आवड असेल, तर हे वाचाच. आमचे पैसे गेले. त्याहून वाईट म्हणजे एका सकाळी आमचा तेरा वर्षांचा मुलगा नको त्या होडीत बसता बसता राहिला.

आमचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, कऱ्हाडचे. कृष्णा-कोयनेच्या संगमाच्या खालच्या अंगाला बांबूची काठी, दोरा आणि गांडूळ घेऊन त्यांनी आयुष्यभर मासे धरले. तेच वेड नातवाला लागलं. आईला आणि बायकोला समुद्र हवा होता. कोयना जलाशयाकाठच्या तापोळ्याचाही विचार झाला, पण तो जलाशय अभयारण्यात येतो. इतर धरणांमध्ये मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, परवानगीवाचून गळ टाकता येत नाही. मग मालवणजवळचं देवबाग ठरलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मधे चिंचोळी जमीन. सगळ्यांचं समाधान होईल अशी ती जागा आहे, हे मी आजही म्हणेन. चूक जागेची नव्हती.

इन्स्टाग्रामवर एक पान सापडलं. ‘फॅमिली फिशिंग पॅकेज’: खाडीकाठी घरगुती निवास, तीन रात्री, मालवणी जेवण, जाणकार गाईडसोबत दोन वेळा बोटीतून मासेमारी, रॉड-रील त्यांचेच. पाच जणांचे ४२,००० रुपये. फोनवरचा माणूस गोड बोलायचा. नानांना ‘बाबा’ म्हणायचा, मुलाशी वेगळा बोलायचा. किल्ल्यामागच्या खडकांवर गोबरा मासा लागतो, तिकडेही नेतो म्हणाला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पानावर सगळ्यात वर एक फोटो होता: केशरी जॅकेट घातलेला माणूस, हातात कमरेएवढा सोनेरी मासा, खाली ‘आमच्या खाडीतला’. मुलाने तो नानांना दाखवला. नानांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “अरे, हे खवले बघ केवढाले. हा महसीर आहे. हा गोड्या, वाहत्या पाण्यातला मासा. मागे धोंडे बघ, ही खाडी नव्हे.” मी म्हणालो, “नाना, जाहिरातीत कुठलाही फोटो लावतात.” त्यांनी फोन मुलाच्या हातात दिला आणि विषय सोडला. साठ वर्षं मासे धरणारा माणूस घरात असताना मी त्याचं ऐकलं नाही.

अर्धे पैसे, २१,००० रुपये, लगेच पाठवले. क्यूआर कोडवर नाव भलत्याचंच आलं. विचारलं तर “भावाचं खातं आहे” असं उत्तर मिळालं. उरलेले २१,००० खरं तर तिथे पोचल्यावर द्यायचे होते, पण निघायच्या दोन दिवस आधी फोन आला: बोटवाल्याला डिझेलचे आगाऊ लागतात, नाहीतर बोट दुसऱ्याला जाईल. सुट्टीची गर्दी खरी होती, म्हणून ते पटलं. तेही पाठवले.

फोंडाघाट उतरून कणकवलीमार्गे संध्याकाळी देवबागला पोचलो. घर खरंच होतं, आणि छान होतं. घरच्या काकूंनी सोलकढी दिली, खोल्या उघडल्या. त्यामुळे पहिल्या रात्री आम्ही अगदी निर्धास्त झोपलो. पुढे कळलं की फसवणूक बेमालूम व्हायला हेच कारण होतं. सगळंच खोटं असतं तर आम्ही त्याच रात्री पोलिसांकडे गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध षष्ठीला, सकाळी साडेनऊला धक्क्यावर बोलावलं होतं. तो फोनवरचा माणूस आलाच नाही. एक पोरगा दोन रॉड घेऊन आला आणि म्हणाला, डिपॉझिट ९,००० रोख. कबूल केलेलं नव्हतं. पण नाना बोटीच्या कडेला उभे, मुलगा आधीच आत चढलेला. दिले.

बोट म्हणजे पर्यटकांना खाडी-समुद्राचा संगम आणि सुनामी बेट दाखवणारी नेहमीची बोट. गाईड कुणीच नव्हता. बोटवाले साठीचे, शांत गृहस्थ. आम्ही रॉड काढले तेव्हा ते चकित झाले. “माका तर फक्त फेरी मारूक सांगितल्यान हां. आणि आज गरवूक इलास? भांग चालू झालो. पाणी हलणा नाय, मासो खंय गावतलो?”

मग त्यांनी जे समजावून सांगितलं, ते मी निघण्याआधी पाच मिनिटांत शिकू शकलो असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याला ओढ नसते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. षष्ठी म्हणजे सहाची पाऊणपट, साडेचार. पहाटे साडेचारला भरती, त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे साडेदहा-पावणेअकरा. आम्हाला नेमकं मेलेल्या पाण्यात पाठवलं होतं. घरातल्या भिंतीवर दिनदर्शिका आहे, तिच्यावर तिथी छापलेली आहे. खाडीत गळ टाकायला नेणारा माणूस आधी तुमच्या तारखा ऐकून तिथी बघतो, पाणी कसं असेल ते सांगतो, कोळंबीचं आमिष ताजं मिळेल का ते बोलतो. आमच्याशी झालेल्या दहा-बारा फोनमध्ये भरती हा शब्द एकदाही आला नव्हता. मीही विचारलं नाही. मी विचारलं ते खोलीत एसी आहे का आणि जेवणात सुरमई असेल का.

दीड तास बसलो. एका रॉडचं रील अडकत होतं. परतल्यावर तोच पोरगा धक्क्यावर उभा. त्याने दुसरा रॉड हातात घेतला, शेंडा वाकवला आणि म्हणाला, “टिप तुटलीय, डिपॉझिट मिळणार नाही.” शेंड्याला आधीच चिकटवल्याची रेघ होती, पण घेताना आम्ही फोटो काढला नव्हता. भाड्याने घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा, देणाऱ्याच्या समोर, आधी फोटो काढा. रील फिरवून बघा, शेंड्यावरून बोट फिरवा.

सप्तमीची सकाळ मला जास्त सलते. या वेळी धक्क्यावर दुसरी, छोटी मासेमारीची होडी. अंगावर घालायची जॅकेटं दोन, आणि आम्ही पाच. होडीवर नोंदणीचा क्रमांक दिसत नव्हता. पोरगा म्हणाला संगमाच्या बाहेर, समुद्रात जायचंय, मासा तिथेच आहे. मुलाचा एक पाय होडीत होता. बायकोने त्याचा दंड धरला आणि मला म्हणाली, “अहो, पैसे गेले तर जाऊ देत. मी याला यात बसवणार नाही.” याच किनाऱ्यावर, तारकर्लीजवळ, २४ मे २०२२ ला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. जॅकेट माणशी एक नसेल, मुलाच्या मापाचं नसेल, तर कितीही पैसे भरलेले असोत, चढू नका. मासेमारीची होडी पर्यटक नेण्यासाठी नसते. प्रवासी बोटीला सागरी मंडळाचा परवाना लागतो, तो दाखवा म्हणायला लाजू नका.

आम्ही परत फिरलो. त्या पोराने फोन लावून दिला आणि त्या गोड माणसाचा आवाज पहिल्यांदा बदलला: “फेरी तुम्ही रद्द केलीत, पैसे परत नाहीत.” दुपारी काकूंशी बोललो. त्यांना दोन खोल्यांचे तीन रात्रींचे, जेवणासकट, १२,००० मिळाले होते. बोटवाल्यांना १,५००. पॅकेज वगैरे त्यांच्या कानावरही नव्हतं. त्या दोघांवर माझा काडीचाही राग नाही. त्यांना थेट फोन केला असता, तर तीच खोली, तीच बोट आणि वर खरा सल्ला मिळाला असता.

त्या दिवशी चारच्या सुमाराला बोटवाले काका आपणहून आले. पाणी चढत होतं. नाना आणि मुलगा त्यांच्यासोबत खाडीच्या काठावर बसले. रॉड नाही, नुसती दोरी, गरी आणि कोळंबीचा तुकडा. वीतभर काळुंदर आणि दोन शेंगट्या मिळाल्या. मुलगा शेंगटीला हात घालणार तेवढ्यात काकांनी त्याचं मनगट धरलं. तिच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांजवळच्या काट्यात विष असतं, हात सुजतो. पक्कडीने काटे तोडून मगच मासा मुलाच्या हातात दिला. पाचशे रुपये सांगितले, तेवढेच घेतले. नाना त्या काठावर अंधार पडेपर्यंत बसून होते.

घरी आल्यावर १९३० वर सायबर तक्रार नोंदवली. पण पैसे मीच पाठवलेले आणि सेवा थोडीफार मिळालेली. शिवाय पैसे पाठवून पंधरा दिवस झाले होते. ही तक्रार जितकी लगेच तितका पैसे खात्यात अडवले जाण्याचा संभव जास्त. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगितलं की जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. हे सगळं आपल्या बाजूचं आहे. अडलं ते एका जागी: नोटीस पाठवायची कुणाच्या पत्त्यावर? माझ्याकडे एक मोबाइल नंबर आहे, जो आता बंद लागतो, आणि क्यूआर कोडवरचं एक नाव. पावती मागितली नाही, पत्ता मागितला नाही, निवासाची पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का विचारलं नाही. पहिला रुपया देण्याआधी पत्त्यासह पावती मागा, आणि ज्या घरात राहणार त्या घराच्या मालकाशी स्वतः बोला. गावातल्या दुसऱ्या कुणाकडून त्यांचा नंबर मिळवा, जाहिरातीतला नको.

परवा मुलाने फोन आणून दाखवला. नवं नाव, नवा नंबर, आणि उन्हाळी सुट्टीचं बुकिंग सुरू. फोटो तोच. केशरी जॅकेट, मागे पांढरे धोंडे आणि फेसाळ पाणी, हातात रुपयाएवढ्या खवल्यांचा सोनेरी मासा. खाली लिहिलंय ‘आमच्या खाडीतला’. तो मासा त्या खाडीत नाही.