शेव्हेल एलएस6 की हेमी कुडा? दोन्ही 1970 च्या, पण घेताना डोकं वेगळं लावावं लागतं

शेव्हेल म्हणजे शेव्हरोलेची, कुडा प्लायमाउथची, दोन्ही दणकट इंजिनच्या जुन्या अमेरिकन मसल कार; एलएस6 आणि हेमी ही त्यांची सगळ्यात तगडी इंजिनं. आधीच सांगतो, पैसे आडवे येत नसतील तर कुडा. पण चालवायला म्हणाल तर मला शेव्हेलच आवडते, आणि हे ऐकून मोपारवाले (प्लायमाउथ, डॉज अशा क्रायस्लरच्या गाड्यांचे चाहते) चिडतात, चिडू देत.

शेव्हेल एसएस 454 ला (454 म्हणजे इंजिनचा आकार, क्युबिक इंचात) एलएस6 इंजिन घेतलं की कागदावर 450 हॉर्सपॉवर आणि 500 पाउंड-फूट टॉर्क, आणि हा टॉर्क खालच्या आरपीएमलाच इतका येतो की सिग्नलवरून निघताना पाय जपून ठेवावा लागतो. चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, त्यामुळे लांबच्या रस्त्याला त्रास कमी. फक्त सॉलिड लिफ्टर (व्हॉल्व्ह ढकलणारे, गॅप आपोआप न जुळवणारे भाग) आहेत, म्हणजे व्हॉल्व्ह अधूनमधून सेट करत बसा.

हेमी कुडाचं 426 इंजिन 425 हॉर्सपॉवरचं, वर दोन फोर-बॅरल कार्ब्युरेटर. ते दोन्ही नीट सिंक झाले नसतील तर स्लो स्पीडला गाडी नुसती कुरकुरते, पण झाले की मग काय बोलायचं! बॉनेटमधून वर आलेला, इंजिनला हवा देणारा तो शेकर स्कूप इंजिनबरोबर थरथरताना बघायलाच अर्धे लोक ही गाडी घेत असतील. पुढचं वजन मात्र वळणावर जाणवतं.

आता खरा मुद्दा. कुडाच्या व्हीआयएनमध्ये (फॅक्टरीने गाडीला दिलेला ओळख नंबर) पाचवं अक्षर R असलं की गाडी फॅक्टरीतून हेमी घेऊनच निघालेली, विषय संपला (व्हीआयएनची पट्टी आणि फेंडर टॅग, म्हणजे गाडीत काय काय बसवलंय त्याचे कोड असलेली पत्र्याची पट्टी, खरे आहेत ना, तेवढं जाणकाराकडून बघून घ्या). 1970 ला हेमी कुडा हार्डटॉप (पक्क्या छताच्या) 652 आणि कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छताच्या) फक्त 14 निघाल्या, त्यात हेमीसाठी तेव्हा 870 डॉलरच्या वर जादा मोजावे लागायचे, मग घेणार कोण! 1971 ची एक हेमी कन्व्हर्टिबल 2014 ला लिलावात 35 लाख डॉलरला गेली.

शेव्हेलचा व्हीआयएन मात्र फक्त व्ही8 आहे एवढंच सांगतो, कुठलं व्ही8 ते नाही. त्यामुळे साध्या मालिबूत (शेव्हेलचंच साधं मॉडेल) 454 टाकून, बॅजेस लावून एलएस6 म्हणून विकणारे ढीगभर आहेत, इंजिनवरचा कोड घासून नवा मारलेलाही सापडतो. ओरिजिनल बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याचा फॅक्टरीचा कागद) बघितल्याशिवाय एलएस6 चा भाव देऊ नका, कधीकधी ती पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली मिळते. मालक म्हणाला शीट हरवली, तर क्लोनच्या, म्हणजे अशा नकली एलएस6 च्या भावात बोला, आणि त्या भावात मिळाली तर खुशाल घ्या, मस्त पळते.