ल्युकोफायलम : इंदूरचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

ल्युकोफायलम हे रुपेरी पानांचं फुलझुडूप बागेसाठी घ्यावं की नाही, एवढंच विचारत असाल तर घ्या. पण काळ्या मातीत खड्डा करून सरळ लावणार असाल, तर पैसे वाचवा.

राजेंद्रनगरात आमच्या फाटकाला लागून दक्षिणेकडची एक पट्टी आहे. दुपारभर ऊन, वर भिंतीची धग. नर्मदेचं पाणी येतं दिवसाआड, आणि मे महिन्यात ते कूलर-टाकीतच संपतं. तिथे बोगनवेल नको होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या ओढण्या अडकतात. कण्हेर सुंदर, पण पानापासून मुळापर्यंत विषारी आणि आमचा नातू सध्या दिसेल ते तोंडात घालतो. म्हणून फेब्रुवारीत ल्युकोफायलमची दोन रोपं आणली. टेक्सास सेज म्हणतात ते हेच. स्वयंपाकातल्या सेजशी याचं काही नातं नाही. मूळचं टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोतलं, चुनखडीच्या कोरड्या जमिनीतलं. टेक्सासने २००५ साली याला राज्याचं देशी झुडूप म्हणून मान दिला.

नर्सरीवाला म्हणाला, “भाभी, इसको तो पानी की ज़रूरत ही नहीं.” हे अर्धंच खरं. मुळं धरेपर्यंत पहिल्या उन्हाळ्यात पाणी लागतंच. रोज शिंतोडे उडवायचे नाहीत, चार-पाच दिवसांनी एकदा भरपूर द्यायचं आणि माती पूर्ण वाळू द्यायची. जूनपर्यंत आठवड्यावर गेलो तरी एक पान मलूल झालं नाही. पानांवर बारीक रुपेरी लव असते, त्यामुळे ऊन परतवलं जातं आणि ओल टिकते. बोट फिरवलं की फ्लॅनेलसारखं लागतं. ऐन उन्हाळ्यात बाकी बाग करपलेली असताना ही दोन करडी झुडपं ताजी होती, एवढं श्रेय द्यायलाच हवं.

खरी परीक्षा पावसाळ्यात. माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मग सोडत नाही. हे झाड दुष्काळाने मरत नाही, पाय ओले राहिले की मरतं. आम्ही लावतानाच जमिनीपेक्षा हातभर उंच वाफा केला होता, निम्मी काळी माती काढून त्यात मुरूम आणि जाड रेती मिसळली होती. समोरच्या काकांनी त्याच नर्सरीतलं रोप लॉनच्या कडेला, जसंच्या तसं लावलं. श्रावणात त्यांच्या रोपाची खालची पानं पिवळी पडली. काकांना वाटलं तहान लागली असेल, म्हणून झडीतही पाणी घालत राहिले. उपटलं तेव्हा मुळं काळी, बुळबुळीत, कुजका वास. माती क्षारीय असणं याला चालतं, उलट आवडतं. त्या बाबतीत इंदूरची माती वाईट नाही. निचरा तेवढा सांभाळा.

आता फुलं. ती आपल्या मर्जीने येत नाहीत, हवेतल्या दमटपणावर येतात. पहिल्या सरींनंतर काही दिवसांतच पूर्ण झुडूप जांभळं-गुलाबी झालं, पानं दिसेनात. जवळून बघा : पाच पाकळ्यांची छोटी घंटा, आत गळ्याशी ठिपके आणि लव. सकाळपासून मधमाश्या. मग आठवड्याभरात सगळा सडा खाली आणि पुढच्या पावसाच्या झडीपर्यंत शांतता. वर्षभर रंग हवा असेल तर टेकोमा लावा, यावर रागावू नका. सासूबाईंची वेगळीच तक्रार : परडीत घेईपर्यंत फूल कोमेजतं आणि वास तर नाहीच, मग देवाला काय वाहायचं? बरोबर आहे त्यांचं. त्यांच्यासाठी मोगरा आहे.

घरचं खतही त्या मोगऱ्यालाच. ओला-सुका कचरा वेगळा करून इंदुरात घरोघरी खत होतं आणि ते कुठेतरी घालायचा मोह होतो. इथे घालू नका. नुसत्या लांब, लेच्यापेच्या फांद्या वाढतात, फुलं कमी.

छाटणीवरून माळ्याशी आमचा वाद झाला. त्याला प्रत्येक झुडपाचा गोल चेंडू करायची हौस. फुलं नव्या वाढीवर येतात, दर महिन्याला कात्री चालवली की कळ्याच जातात आणि झाड आतून पोकळ, काड्याकाड्यांचं होतं. थंडी ओसरताना एकदा, लांब गेलेल्या फांद्या फार तर तिसऱ्या हिश्शाने कमी करायच्या, बस. थंडीचं म्हणाल तर हे झाड शून्याखालचं तापमानही सोसतं. इंदूरच्या जानेवारीची चिंता नको. सावलीत मात्र लावू नका, निदान सहा तास थेट ऊन हवं.

विकत घेताना फुललेलं रोप बघून भुलू नका. पिशवीच्या तळाशी बोट लावून बघा. माती चिखलासारखी ओली असेल आणि खालची पानं पिवळी असतील, तर दुसरं उचला.