सात मीटरचं घर आणि किनाऱ्यावरची गावं: आठ महिन्यांनंतर

मोटरहोम घेऊन आठ महिने झाले. त्यातले निम्म्याहून जास्त मुक्काम समुद्राकाठी पडले, त्यामुळे डोंगरात किंवा हायवेवर फिरणाऱ्यांना यातलं अर्धंच लागू पडेल. गाडी 7 मीटर लांब, आरसे धरून अडीच मीटरच्या वर रुंद, 2.9 मीटर उंच. हे आकडे डॅशबोर्डवर चिकटवून ठेवलेत, कारण 2 मीटरवर आडवा बार लावलेलं पार्किंग अचानक समोर आलं की काही म्हणता काही आठवत नाही.

घेताना आम्ही बेड बघितला, ओटा बघितला, कपाटं उघडून-मिटून बघितली. मागच्या चाकाच्या मागे गाडी किती लोंबतेय ते मात्र मोजलं नाही. आमची जवळजवळ दोन मीटर आहे. याचा अर्थ काय ते एका बंदराच्या गल्लीत कळलं. डावीकडे वळताना माझं सगळं लक्ष पुढच्या कोपऱ्यावर, आणि गाडीचं शेपूट तेवढ्यात उजवीकडे फिरून दगडी भिंतीला टेकलं. आवाज फार नव्हता, नारळ किसल्यासारखा. मागच्या दिव्याखाली वीतभर ओरखडा अजून आहे. दुरुस्त करायचा नाही असं मी ठरवलंय, घरात त्यावर एकमत नाही.

कोळ्यांची गावं अशीच वसलेली असतात. वाऱ्याला आडोसा म्हणून घरं एकमेकांना चिकटून आणि सगळ्या वाटा धक्क्याकडे उतरणाऱ्या. मोबाइलवरचा नकाशा आपल्याला छोटी कार समजून सरळ त्या वाटांत घालतो. पहिले दोन महिने आम्ही गाडी घेऊनच गावात घुसायचो. त्या दिवसांचे फोटो काढून बघितले तर निम्मे गाडीचेच, कारण डोळे तिच्यावरून हलायचेच नाहीत. आता गावाच्या वर, रुंद जागा दिसेल तिथे ती लावतो आणि सायकलने उतरतो. एका दिवसात दोन गावं, फार तर. तीन केली की तिसऱ्यात फक्त पार्किंग शोधणं होतं.

एकदा हा नियम मोडला. ओहोटी होती, होड्या चिखलात एका कुशीवर कलंडलेल्या, आणि होड्या उतरवायच्या उताराच्या बाजूला वाळू इतकी घट्ट की सायकलच्या टायरची खूणही उमटत नव्हती. तिथेच लावली, चहा ठेवला. तासाभराने जाळं दुरुस्त करणारा एक म्हातारा उठून आला. बोलला काहीच नाही. भिंतीवरच्या शेवाळाच्या हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं, मग तेच बोट आडवं सरकवत आमच्या चाकाकडे आणलं. पट्ट्याची वरची कड चाकाच्या वर जात होती.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. भरतीच्या सहा तासांचा ढोबळ हिशेब एकूण चढाचे बारा भाग धरून: पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. भरती-ओहोटीत 4 मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात पाणी फूटभर चढतं आणि आपण निर्धास्त राहतो. तिसऱ्या तासात ते मीटरभर चढतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा हा फरक आणखी वाढतो. शिवाय वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालचं वेळापत्रक आज चालत नाही.

निघतानाही फजिती झाली. आमची गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी पडतात, आणि शेवाळलेल्या फरशीवर ती नुसती फिरत राहिली. शेवटी उलटी करून रिव्हर्समध्ये चढवली तेव्हा पकड मिळाली. म्हातारा तोवर परत जाळ्याकडे गेला होता.

गाडीच्या आतलं थोडक्यात. 200 वॉटचं सोलर आणि लिथियमची 100 अँपिअर-अवरची बॅटरी दोघांना पुरते, पण किनाऱ्यावर पॅनलवर मिठाचा पातळ थर बसतो आणि तो गोड्या पाण्याच्या फडक्यानेच जातो. गॅसवर चालणारा अमोनियाचा फ्रिज ही आमची चूक. त्याला गाडी सपाट लागते आणि किनाऱ्याच्या गावात सपाट जागा म्हणजे चैन. उतारावर चार-पाच तास उभी राहिली की दूध गेलंच म्हणून समजा. त्यात बाहेरच्या जाळीवर समुद्रावरचा वारा थेट आला की ज्योतही विझते. पाण्याची टाकी 100 लिटरची, म्हणजे भरली की 100 किलो वजन, म्हणून चढाच्या रस्त्याला ती अर्धीच ठेवतो. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैल्याची काढती टाकी, दोन-तीन दिवसांत भरते, ती ठरलेल्या जागीच रिकामी करायची. भांड्यांचं पाणीही गावच्या गटारात सोडायचं नाही, तिथली बरीच गटारं सरळ समुद्रात उतरतात.

दुपारचा वारा वेगळा सांगायला हवा. सकाळी पान हलत नाही म्हणून गाडीच्या कडेला जोडलेला कापडी मंडप उघडा टाकून आम्ही खाली गेलो. जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, हे शाळेत शिकलेलं तेव्हा कामी आलं नाही. परतलो तर मंडपाचा एक पाय छपरावर. तेव्हापासून पाच मिनिटांसाठी जरी गेलो तरी मंडप गुंडाळून. दारही वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवायचं, नाहीतर बिजागऱ्यांवर येतं.

खरा शत्रू खारी हवा. ब्रेकच्या डिस्कवर एका रात्रीत तांबूस गंज दिसला तर घाबरू नका, दोन-चार ब्रेक मारले की जातो. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचा स्क्रू असेल तिथे पांढरी भुकटी जमायला लागली तर मात्र लगेच बघा, दोन धातूंत खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आमची विजेवर सरकणारी पायरी सहाव्या महिन्यात अडकली. आधी वाटलं मोटर गेली, पण अर्थिंगच्या वायरचं टोक हिरवं पडलेलं निघालं. घासून, व्हॅसलीन लावून बसवलं, चालू झाली. आता प्रत्येक फेरीनंतर खालून गोड्या पाण्याचा फवारा, अर्धा तास जातो.

परत घ्यायची झाली तर सहा मीटरच्या आतली, कॉम्प्रेसरच्या फ्रिजची घेऊ. बेड लहान मिळेल, चालेल. ही विकायची का, यावर घरात अजून दोन मतं आहेत. आणि पायरी कालपासून पुन्हा अर्ध्यावर थांबायला लागलीय.