धोळावीरा: पाऊण तासात उरकू नका

मागच्या जानेवारीत कच्छला गेलो तेव्हा आमच्या टूरवाल्याने धोळावीराला, म्हणजे सिंधू संस्कृतीतल्या जुन्या शहराचे अवशेष बघायला, पाऊण तास ठेवला होता, आम्ही भांडून तीन तास काढले आणि तेही कमीच पडले. खावड्याहून येणारा नवीन रस्ता सरळ रणातून जातो, दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर मीठच मीठ, त्यासाठी तरी याच बाजूने या. गाव अगदी लहानसं, खदीर बेटावर, आणि शेजारीच अवशेषांची टेकडी, तिकडचे लोक तिला कोटडा म्हणतात.

मोहेंजोदडो म्हटलं की आपल्याला विटा आठवतात ना, इथे बहुतेक बांधकाम दगडाचं. पण खरं बघायचं ते पाणी. एवढ्या कोरड्या जागी साडेचार हजार वर्षांपूर्वी शहर वसवलं तर प्यायचे काय, तर मानसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे, त्यांना बांध घालून पाणी शहराभोवतीच्या तलावांत वळवलेलं. पूर्वेकडचा तलाव 73 मीटर लांब, 10 मीटर खोल, उतरायला पायऱ्या. वर किल्ल्यात पडणारा पाऊससुद्धा वाया जाऊ दिला नाही, त्यासाठीची दगडी गटारं एवढी मोठी की माणूस वाकून आतून चालत जाईल. आमच्या घरी दिवसाआड पाणी येतं म्हणून असेल, मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच उभी होते.

गाईड नक्की घ्या आणि गावातलाच घ्या. आमचे गाईडकाका तरुणपणी इथे खोदकामावर मजूर होते, 1990 पासून पुरातत्त्वज्ञ आर. एस. बिश्त यांनी खोदलं तेव्हा. उत्तर दरवाजाशी 10 अक्षरांची पाटी सापडली, लाकूड कुजून गेलं आणि पांढरी अक्षरं तेवढी मातीत राहिली, ती त्यांनी बोटाने वाळूत काढून दाखवली. अजून कुणाला वाचता आलेली नाहीत.

म्युझियम छोटं आहे, ते आधी बघा म्हणजे वर गेल्यावर काय कुठे होतं ते कळतं. 2021 मध्ये जागतिक वारसा झाल्यापासून नाव बरंच झालंय, तरी आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. वर सावली नाही, टोपी आणि पाणी घ्या, जमलं तर रात्री गावातच राहा आणि सकाळी उघडल्या उघडल्या जा. उन्हाळ्यात अजिबात नको.