सिलिंडरवर 32, आत साधी हवा

हे लिहायला दोन महिने टाळाटाळ केली, कारण यात माझाच गाढवपणा जास्त आहे. पण परवा ओळखीतली एकजण तशाच "डीप रेक पॅकेज"ची, म्हणजे खोल बुडालेल्या जहाजांवरच्या स्कूबा डायव्हिंगची, चौकशी करताना दिसली, म्हणून लिहून टाकते. ऑपरेटरचं नाव आणि जागा सांगत नाही, विचारू नका, गरम समुद्रातल्या कुठल्याही बुडालेल्या जहाजावर हे होऊ शकतं.

माझं स्वप्न आहे पॅसिफिकमधल्या चूक लगूनचं. हो, नावच चूक, पूर्वी ट्रुक म्हणायचे. 1944 च्या फेब्रुवारीत अमेरिकन विमानांनी दोन दिवसांत जपानची ढीगभर जहाजं तिथे बुडवली, ती अजून तळाशी आहेत. त्यातल्या सॅन फ्रान्सिस्को मारूचा डेकच साधारण 50 मीटरवर आहे, त्यावर रणगाडे तसेच उभे. आपली हौशी डायव्हर्सची मर्यादा 40 मीटर, त्यामुळे ते प्रकरण अजून फार लांब. त्याआधी जरा हात बसावा म्हणून दुसरीकडे तीन दिवसांचं पॅकेज घेतलं, मालवाहू जहाज, डेक 26 मीटरवर, होल्डचा, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्याचा, तळ 33 ला, पाणी 29 डिग्री. आणि नायट्रॉक्स 32, प्रत्येक सिलिंडरचे जास्तीचे पैसे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के, नायट्रॉक्स 32 मध्ये 32, म्हणजे नायट्रोजन तेवढा कमी. खाली नायट्रोजन अंगात मुरतो आणि फार मुरला तर वर येताना त्याचे बुडबुडे होतात, म्हणून तो कमी असला की खाली जास्त वेळ राहता येतं. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलवर 30 मीटरला साध्या हवेवर 20 मिनिटं मिळतात, 32 वर अर्धा तास. जहाज बघायला गेलेल्या माणसाला ती दहा मिनिटं म्हणजे सगळं काही. मात्र 32 घेऊन 33-34 मीटरच्या खाली जायचं नाही, ऑक्सिजनचा दाब वाढून पाण्यातच झटके येऊ शकतात. त्यामुळे सिलिंडरमध्ये नक्की किती टक्के आहे हे वापरणाऱ्याने स्वतः मोजायचं, हा नायट्रॉक्स कोर्सचा पहिला धडा. मी तो कोर्स केलाय. चांगल्या मार्कांनी, वर.

पहिल्या दिवशी बोटीवर सिलिंडर आधीच लावून ठेवलेले, प्रत्येकावर कागदी चिकटपट्टी, त्यावर काळ्या मार्करने 32. मी ऑक्सिजन मोजायचा अ‍ॅनालायझर मागितला तर तो पोरगा इतका गोड हसला, "मॅडम, सकाळीच सगळे मोजलेत, तुमचा टाइम वाचवला, फक्त इथे सही करा." रजिस्टर पुढे केलं. नाव, सिलिंडर नंबर, टक्के, कमाल खोली, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, "हे मी स्वतः मोजले आहे." बोट हलतेय, सूट अर्धा अंगात, मागे चौघं थांबलेत, पाण्याचा करंट वाढायच्या आत उतरायचंय, केली सही. दोन दिवसांत अशा चार सह्या.

जहाज मात्र सुंदर होतं, ते नाकारणार नाही. उभ्या मास्टवर मऊ प्रवाळ, होल्डच्या तोंडाशी बॅटफिशचा थवा, आत शिरलं की आपलेच बुडबुडे छताला लागून गंजाचा चुरा टॉर्चच्या उजेडात खाली येतो. दुसऱ्या दिवशी मी 27 मिनिटं तळाशी होते, जवळजवळ सगळा वेळ तिशीच्या खाली. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर 32 वर सेट, तो आरामात सांगत होता की अजून वेळ आहे. वर आल्यावर मी सगळ्यांना ऐकवलंसुद्धा, नायट्रॉक्समुळे बघा किती फ्रेश वाटतं, अजिबात थकवा नाही. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

त्या रात्री डावा खांदा दुखायला लागला. आत कुठेतरी, ठसठस. म्हटलं सिलिंडर उचलून झालं असेल, आणि तशीच तिसऱ्या दिवशी बोटीवर. दुखत असताना जायलाच नको होतं, पण पैसे भरलेत ना!

सिलिंडर लावताना त्या पट्टीकडे लक्ष गेलं. एका कोपऱ्यात फाटलेली, कडा खाऱ्या पाण्याने पांढरी, आणि 32 मधल्या दोनाची शेपटी पुसट. पहिल्या दिवशी मी याच पट्टीवर अंगठा ठेवून फोटो काढला होता. फोनमध्ये बघितलं, तोच फाटका कोपरा, तीच शेपटी. नवीन गॅस भरला, नव्याने मोजला, तर पट्टी नवीन नको?

बोटीवर साठीतले एक गृहस्थ होते, मी त्यांना काका म्हणायला लागले होते, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, पण तू मोजलंस का?" मी गप्प. त्यांनी बॅगेतून स्वतःचा अ‍ॅनालायझर काढला, आधी उघड्या हवेत 20.9 वर आणला, मग माझ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडून आकडा स्थिर होईपर्यंत धरला. 20.8. दुसरा सिलिंडर, 20.9. त्यांचा स्वतःचा, 20.9. पट्टी सगळ्यांवर 32.

म्हणजे दोन दिवस मी साधी हवा घेत होते आणि कॉम्प्युटर नायट्रॉक्सचा हिशोब करत होता. मी 33 मीटरवर असताना नायट्रोजनच्या हिशोबाने तो मला 27 मीटरवरच धरत होता. उलटं झालं असतं, पट्टीवर 32 आणि आत 40, तर ही पोस्ट लिहायला मी नसते.

पोरगा म्हणाला सेन्सर खराब आहे, दमटपणामुळे होतं. काका म्हणाले ठीक, बोटीवरच्या इमर्जन्सी ऑक्सिजनवर लावून बघू, शंभराच्या जवळ दाखवला तर सेन्सर चांगला. तर ऑक्सिजनच्या पेटीला कुलूप, आणि किल्ली? ऑफिसात, किनाऱ्यावर!! म्हणजे खाली कुणाला काही झालं असतं तर वर आणून काय करणार होते हे? मला ते खोट्या 32 पेक्षा भयंकर वाटलं.

डाइव्ह रद्द. किनाऱ्यावर आल्यावर मी सरळ कॉम्प्रेसरच्या खोलीत घुसले. एक कॉम्प्रेसर, एक फिल्टर, संपलं. नायट्रॉक्स करायचं तर हवेत ऑक्सिजन मिसळायला मोठे ऑक्सिजन सिलिंडर तरी लागतात, नाहीतर हवेतला नायट्रोजन गाळणारी मेम्ब्रेनची मशीन, तिथे दोन्ही नव्हतं. आता पैसे भरायच्या आधी मी एकच विचारते, तुमचा नायट्रॉक्स बनतो कुठे, दाखवा. जे खरंच बनवतात ते कौतुकाने दाखवतात.

डायव्हिंगच्या डॉक्टरकडे गेले, त्यांनी कॉम्प्युटरमधला डाइव्ह बघितला, काही तास ऑक्सिजन लावला, विमान पुढे ढकलायला लावलं. खांदा दुसऱ्या दिवशी थांबला. स्नायू होता की नायट्रोजनचे बुडबुडे, ते ठामपणे सांगता येणार नाही म्हणाले. काकांनी तोच अ‍ॅनालायझर दुसऱ्या सेंटरच्या 32 वर लावला, 31.8 दाखवला, म्हणजे सेन्सरचं रडगाणंही संपलं.

मालकाशी बोलले. तो आधी ओरडला, मग नायट्रॉक्सचे जास्तीचे पैसे परत देतो म्हणाला, तेही न वापरलेल्या सिलिंडरचेच, कारण "वापरलेल्यांत काय होतं ते आता कोण सांगणार?" आणि रजिस्टर उघडून माझ्यासमोर फिरवलं. चारही ओळींत 32 हा आकडा त्यांच्या अक्षरात, मोजणाऱ्याची सही माझी. मी त्याचा फोटो काढला, ट्रेनिंग एजन्सीला पट्टीच्या फोटोंसकट पाठवला. त्यांचं उत्तर आलं, तपास करू, पण नोंदीनुसार गॅस तुम्ही स्वतः मोजलेला दिसतो, याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे ते लेखी कळवा.

ते उत्तर अजून लिहितेच आहे.