साताऱ्यातील नवमानवतावाद अभ्यासवर्ग : आठ रविवारांचा अनुभव

राजवाड्याजवळच्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर दिवाळीनंतर आठ रविवार हा वर्ग भरतो. विषय विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांचा नवमानवतावाद, म्हणजे माणसाचे स्वातंत्र्य आणि स्वतंत्र विचार केंद्रस्थानी मानणारे तत्त्वज्ञान. शुल्क 600 रुपये असून टाचणांच्या छायाप्रती आणि मधल्या सुट्टीतला चहा त्यातच येतो. जिना अरुंद आणि चढा आहे, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी विचार करावा. शिकवणे मात्र कसून चालते आणि 600 रुपयांत एवढे मिळणे दुर्मीळ आहे.

प्रवेशअर्जातच एक अट आहे : सभासद कोणत्याही पक्षाचा असला तरी चालेल, पण पक्षाचा पदाधिकारी वर्गाच्या कार्यकारिणीत येऊ शकत नाही आणि वर्गाची जागा पक्षाच्या कामासाठी दिली जात नाही. ही अट योग्य आहे का, या प्रश्नाचा विचार करण्यासाठीच मी नाव नोंदवले होते.

चौथा रविवार सर्वांत मोलाचा ठरला. रॉय यांनी 1940 साली रॅडिकल डेमोक्रॅटिक पार्टी काढली, फॅसिझमचा पराभव ही सर्वांत तातडीची गोष्ट मानून महायुद्धात दोस्तराष्ट्रांची बाजू घेतली आणि 1942 च्या छोडो भारत आंदोलनाला विरोध केला. हे साताऱ्यात सांगणे सोपे नाही, कारण त्याच काळात या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते. ज्यांच्या घरातून भूमिगतांना भाकऱ्या जात असत असे एक वयोवृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, की मग या माणसाचे आम्ही इथे बसून का ऐकावे? व्याख्यात्यांनी प्रश्न टाळला नाही. रॉय यांची त्या वेळची भूमिका लोकांपासून तुटलेली होती आणि 1946 च्या निवडणुकांत पक्षाला त्याची किंमत मोजावी लागली, हे त्यांनी स्वच्छ शब्दांत मान्य केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पक्षाने नवमानवतावाद मांडणारी 22 सूत्रे स्वीकारली आणि डिसेंबर 1948 मध्ये कोलकात्याच्या अधिवेशनात पक्षच विसर्जित करून त्याची चळवळ केली.

हा कोल्ह्याला द्राक्षे आंबट असा प्रकार नव्हे काय, असे मी विचारले. त्यावरचे उत्तर मला बऱ्याच अंशी पटले. पक्षाला सत्ता मिळवायची असते, सत्तेसाठी बहुमत लागते, बहुमतासाठी भावना चेतवाव्या लागतात आणि शिस्तीच्या नावाखाली शंका गिळाव्या लागतात. पण माणसाने स्वतः विचार करावा हेच ज्या तत्त्वज्ञानाचे सांगणे आहे, त्याला शंका गिळणे परवडत नाही. हा युक्तिवाद निवडणूक जिंकली असती तरी खराच राहिला असता. मात्र पक्ष सोडल्यावर ही चळवळ मूठभर अभ्यासकांपुरती उरली, ही बाजू वर्गात जेमतेम दोन वाक्यांत आटोपली, आणि ती उणीव मला लहान वाटत नाही. रॉय यांचे सहकारी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यावरही दहाच मिनिटे खर्च झाली, तीही त्यांची कर्मभूमी वाई इतकी जवळ असताना.

सहाव्या रविवारी आम्ही माडीवर पोचलो तेव्हा नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात एका इच्छुक उमेदवाराचे नाव होते. संयोजकांनी त्यावर कागद चिकटवले होते, पण एका खुर्चीवरचा कागद सुटून शेवटची दोन अक्षरे दिसत होती. सर्वांशी चर्चा होऊन खुर्च्या त्याच दिवशी परत गेल्या आणि उरलेले रविवार आम्ही सतरंजीवर बसलो. तो निर्णय मला पूर्ण मान्य आहे, कारण पुढच्या वर्षी त्या उमेदवाराच्या एखाद्या भूमिकेवर टीका करायची वेळ आली असती तर बोलणाऱ्याची जीभ नक्कीच अडखळली असती.

माझी खरी तक्रार शेवटच्या रविवारची आहे. एका विद्यार्थिनीने जादूटोणाविरोधी कायद्याच्या अंमलबजावणीविषयी विचारले, तेव्हा हा राजकीय विषय आहे असे सांगून तिला थांबवण्यात आले. ज्या गावाचे डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या गावात असे व्हावे, याचे मला फार वाईट वाटले. पक्षाशी बांधून न घेता त्यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षे सत्ताधाऱ्यांचे आणि विरोधकांचे उंबरठे झिजवले. 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांची हत्या झाल्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा मंजूर झाला. रॉय यांच्याच पक्षाचे एके काळचे सरचिटणीस वि. म. तारकुंडे यांनीही पक्षविसर्जनानंतर तोंड मिटून घेतले नाही. 1974 मध्ये जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर ते ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’त उभे राहिले आणि आणीबाणीत नागरी हक्कांसाठी लढले. पक्षापासून दूर राहायचे ते सर्व पक्षांना सारखेच प्रश्न विचारता यावेत म्हणून. प्रश्नच विचारायचे नसतील तर खुर्च्या परत करून काय साधले?

पुढच्या वर्षीही मी नाव नोंदवणार आहे आणि साताऱ्यातील विद्यार्थ्यांनी तर अवश्य जावे. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नासाठी एक पूर्ण रविवार राखून ठेवावा, असे पत्र मी संयोजकांना दिले आहे. त्यांनी ते कार्यकारिणीपुढे ठेवण्याचे मान्य केले आहे.